जुरीबाईच्या नवऱ्याचा दगड

“हातोडा वर नाई जानार म्हन्ते गायता,” मल्लाभाऊनं मला सांगितलं.

गायता म्हणजे गावाचा प्रमुख. नाव लालसू. पायवाटेच्या मधोमध उभा होता. खांद्यावर कुऱ्हाड, कमरेला पंचा, आणि चेहऱ्यावर राग म्हणाल तर अजिबात नाही. त्याच्यामागं ती टेकडी होती. तिच्यासाठी मी अहेरीहून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत इथवर आलो होतो.

“बरं, हातोडा इथीच ठेवतो,” मी म्हणालो. “नुसता पाहून येतो.”

मल्लाभाऊ गायत्याच्या बोलीत, माडियात, बोलला. गायत्यानं मान हलवली.

“तुमीबी नाई जायचं म्हन्ते.”

“काऊन पन?”

“थे तुमच्या मोठ्या सायबाले इचारा म्हन्ते.”

आता आली का पंचाईत! मोठे साहेब म्हणजे आमचे किन्हेकर साहेब. त्यांना काही विचारायचं म्हणजे माणूस आधी देवाचं नाव घ्यायचा.

जरा मागं जाऊन सांगतो. ही गोष्ट पन्नास सालानंतरच्या काही वर्षांतली. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, गडचिरोली जिल्हा वेगळा झालेला नव्हता आणि आम्ही मध्यप्रदेशात होतो. मी सावलीचा. आमचं घर तलावातल्या मासोळीवर चालायचं. बाप आणि काका जाळं टाकायचे. मी नागपूरला भूगर्भशास्त्र शिकलो आणि सरकारी खात्यात ज्युनिअर जिऑलॉजिस्ट म्हणून लागलो, तेव्हा आईनं गल्लीभर साखर वाटली. मी काय काम करतो ते तिला शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही. “गोटे फोडते माहा पोरगा, सरकारसाठी,” असं ती शेजारणींना सांगायची. तेही फारसं चूक नव्हतं म्हणा.

पण नोकरी प्रोबेशनवर होती. पक्की व्हायची तर किन्हेकर साहेबांचा शेरा चांगला पडायला हवा होता. आणि त्यांनी मला दिलेलं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे ही टेकडी. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आजकाल लोक मोटारी काढून कुठंही जातात, फोटो घेतात आणि दगडांवर आपली नावं लिहून येतात.

तर टेकडीचा प्रश्न असा होता. त्या भागातला सगळा खडक गुलाबी-करड्या पट्ट्यांचा. त्याला आम्ही नाइस म्हणतो. फार जुना, पृथ्वीच्या पोटात भाजून आणि दाबला जाऊन तयार झालेला. त्याच्यामध्ये ही एकटी टेकडी काळी कुळकुळीत. तिच्यावरचा खडक गॅब्रो. वितळलेला रस सावकाश थंड झाला की दाणे मोठे होतात, डोळ्यांनी दिसतात. तसा मोठ्या दाण्यांचा काळा खडक म्हणजे गॅब्रो.

आता हा तिथं आला कसा? साहेबांचं म्हणणं, हा जमिनीवर पसरलेला लाव्हा. एके काळी जाड थर सगळ्या मुलखावर पसरला होता, पुढं पावसापाण्यानं झिजला आणि ही टेकडी तेवढी उरली. थर जाड असला की मधल्या भागात दाणे मोठे होतात, म्हणून गॅब्रोसारखा दिसतो. माझ्या मनात वेगळं होतं. मला वाटायचं की हा रस खालून वर घुसला आणि वरपर्यंत पोचायच्या आधीच जमिनीच्या पोटात थिजला. अशा घुसलेल्या खडकाला आम्ही इन्ट्रुजन म्हणतो.

तुम्ही म्हणाल, त्यानं काय फरक पडतो? आम्हाला पडत होता. खोलात सावकाश थिजलेल्या अशा खडकात कधीकधी क्रोम, तांबं, निकेल अशी धातूंची खनिजं तळाशी बसतात. जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्यात ती आशा कमी. म्हणजे पुढं तिथं आणखी काम करायचं की गाशा गुंडाळायचा, हे या एका उत्तरावर होतं.

आणि साहेबांकडं हुकमाचा पत्ता होता. काही वर्षांपूर्वी ते स्वतः या भागात येऊन गेले होते. टेकडीपासून चांगलं दोन-तीन मैल लांब, गावाजवळच्या सपाटीवर त्यांना तोच काळा खडक सापडला होता. एका रांगेत जमिनीतून वर आलेला, आम्ही ज्याला आउटक्रॉप म्हणतो तसा. त्यांनी तुकडा काढला, नकाशावर खूण करून लोकॅलिटी म्हणून ती जागा नोंदवली आणि त्यावर एक लेखही लिहिला. “मांढरे,” ते मला म्हणाले होते, “इन्ट्रुजन असतं तर इतक्या लांब हा खडक कशाला आला असता? पसरला म्हणूनच आला ना?”

नागपूरहून निघताना त्यांनी सांगितलं, “जा, बघ. टेकडीचा कॉन्टॅक्ट शोध. सापडला तर आण. नाही सापडला तर माझा नकाशा आहे तसा रिपोर्टमध्ये घाल आणि सही कर. पण अर्धवट काहीतरी आणून माझं डोकं खाऊ नको, नाहीतर प्रोबेशन वाढवीन.”

कॉन्टॅक्ट म्हणजे दोन खडक जिथं एकमेकांना भिडतात ती रेघ. आमच्या धंद्यात सगळी भांडणं त्या रेघेवर मिटतात. लाव्हा असेल तर ती रेघ आडवी असणार, खालच्या जुन्या जमिनीवर चादर अंथरल्यासारखी. घुसलेला असेल तर उभी, वेडीवाकडी, शेजारच्या खडकाला कापत गेलेली. आणि घुसलेल्या रसाची कड थंड खडकाला टेकताच झटकन थिजते, म्हणून तिथले दाणे अगदी बारीक राहतात. पण ती रेघ होती टेकडीवर. आणि टेकडी बंद.

मल्लाभाऊ आमच्या कॅम्पचं सगळं काही होता. अहेरीचा माणूस. माडिया, तेलुगू, झाडी मराठी, तिन्ही सारखीच बोलायचा. स्वयंपाक बरा करायचा आणि उगाच बोलायचा नाही. मी त्याला म्हटलं, “भाऊ, वर जाऊ नाई देत तर नाल्यानं नाल्यानं तरी फिरू.”

“नाल्याले कोनी नाई म्हटलं नाई,” तो म्हणाला.

मग टेकडीच्या पायथ्यापासून गावापर्यंतचा नाला आम्ही पालथा घातला. नाल्यानं जमीन कापलेली असते, त्यामुळं खालचा खडक उघडा पडतो. मोहफुलं संपत आली होती, ऊन मी म्हणत होतं, आणि नाल्यात नुसते कोरडे डोह. पाहावं तिथं नाइस. गुलाबी, करडा, पट्ट्यांचा. काळ्या खडकाचा जागेवरचा, म्हणजे तिथल्याच जमिनीत घट्ट असलेला, एक इंचभर तुकडा दिसेना. साहेबांचा थर टेकडीपासून गावापर्यंत पसरला होता, तर मधे कुठंतरी चिमूटभर तरी राहायला नको? डोकं गरगरायला लागलं.

शेवटी नकाशा उलगडला आणि साहेबांनी खूण केलेल्या जागेवर गेलो. गावाबाहेर, वाटेच्या कडेला. आणि खरंच, जमिनीतून वर आलेले काळे खडक होते, एका रांगेत. काही माणसाच्या उंचीचे, काही गुडघ्याएवढे, काही कलंडलेले, काही झुडपात अर्धे बुडालेले. घडवलेला एकही नाही. टाकीचा घाव नाही, कोरीवकाम नाही, शेंदूर नाही. आमच्यातला कुणीही म्हणाला असता, काळ्या खडकाचा थर आहे, झिजून त्याचे दात तेवढे उरलेत.

मी पुढं झालो. एका उभ्या दगडाचा वरचा कोपरा तुटलेला दिसला. ताजा नव्हता, पण बाकीच्या अंगावर राखाडी शेवाळ आणि तिथं मात्र नाही. हातोड्याचाच घाव. मी हात लावायला गेलो, तर मल्लाभाऊनं माझं मनगटच धरलं. त्यानं याआधी कधी मला हात लावला नव्हता.

“नोको सायब. हे मेलेल्या मानसायचे दगड हायेत.”

“म्हंजे?”

“मानूस मेला का त्याच्या नावाचा दगड आनून उभा करतेत. घरचे, नात्यातले, सारे मिळून वढत आनतेत. तिकडून.” आणि त्यानं टेकडीकडं हात केला.

मी मटकन खालीच बसलो. खोटं कशाला बोलू, हसूच आलं. ज्या खडकावर साहेबांचा लेख उभा होता, नकाशा उभा होता, तो खडक तिथं उगवलाच नव्हता. माणसांनी ओढत आणला होता. आणि जिऑलॉजिस्टला जमिनीतून वर आलेला दगड दिसला की तो जमिनीचाच असं वाटतं. साहेब आले होते ते पावसाळा सरल्या सरल्या, गवत डोक्याएवढं, घाई, सोबत बोलणारं कुणी नाही. दुसऱ्या कुणाची ही चूक झाली नसती. शेतकऱ्याची नाही, पोलिसाची नाही, पटवाऱ्याची तर नाहीच. ती आमचीच व्हायची.

तुटलेला दगड जुरीबाईच्या नवऱ्याचा होता. संध्याकाळी मल्लाभाऊ मला तिच्याकडं घेऊन गेला. केस पांढरे, पाठ ताठ, अंगणात टोपली विणत बसली होती. गायताही येऊन बसला. ती बोलत होती आणि मल्लाभाऊ मला सांगत होता.

“बाई म्हन्ते, तिच्या मानसाचा खांदा तोडला तुमच्या सायबानं. तिनं पाह्यलं होतं लांबून. वरडली, तं त्यायले समजलं नाई. हसले अन् हात हलवून गेले.”

मला कुठं पाहावं कळेना. मी म्हणालो, “बाईले सांग, आमचं चुकलं.”

तिनं माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. काहीतरी थोडंसंच विचारलं.

“तुकडा कुठी हाये म्हन्ते.”

“नागपूरले. हापिसात.”

“तिथी काय करून राह्यला म्हन्ते तो?”

आता काय सांगू? आम्ही दगडाचा काप काढतो, काचेवर चिकटवतो, घासून घासून इतका पातळ करतो की उजेड आरपार जावा, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्याचं मूळ शोधतो, हे तिला कसं सांगायचं? आणि उरलेला तुकडा साहेबांच्या टेबलावर कागद दाबायला ठेवतात, हे तर मुळीच सांगवेना. मी म्हणालो, “जपून ठेवला हाये.” ती टोपली विणत राहिली.

गायत्यानं एकच सांगितलं. ज्यानं तोडला त्यानं आणून द्यावा, मग टेकडीचं बोलू.

त्या रात्री झोप लागली नाही हे सांगायला नकोच. साहेबांना सांगितलं तर त्यांचा लेख मातीत, माझं प्रोबेशनही मातीत. नाही सांगितलं तर खोट्या नकाशावर माझी सही, आणि त्या बाईचा दगड तसाच. सावलीला परत जाऊन जाळं टाकायची मला लाज नव्हती हो. पण आईनं वाटलेली साखर डोळ्यांपुढं यायची.

किन्हेकर साहेब ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी जीपमधून उतरले. मूळचे अमरावतीचे. खाकी हाफपँट, डोक्यावर सोला हॅट, घामानं भिजलेले. चहा हातात घेतला आणि म्हणाले, “बोल. कॉन्टॅक्ट?”

“नाही सर. टेकडीवर जाऊ देत नाहीत.”

“का?”

“सर, तुमच्या त्या गावाजवळच्या लोकॅलिटीचा प्रश्न आहे. तो खडक जागेवरचा नाही.”

“काय?”

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांचा चेहरा लाल होत गेला. रागावले की साहेब इंग्रजी सोडून थेट वऱ्हाडीवर यायचे.

“काऊन रे, मले औटक्रॉप अन् मसनातला गोटा यातला फरक समजत नाई काय? वीस वर्स झाली मले या कामात! तुह्या जन्माच्या आधीपासून मी दगडं पाहून राह्यलो!”

हे जरा जास्तच होतं.

ते ताडकन उठले, जीपमधली लाकडी पेटी उघडली आणि सुतळीनं बांधलेलं कागदाचं पुडकं काढलं. आत तोच तुकडा. टेकडीच्या खडकाशी ताडून बघायला म्हणून नागपूरहून बरोबर आणला होता. माझं तोंड बंद करायला आणला होता, असं म्हणा ना.

“चाल,” ते म्हणाले. “दाखव मले तुहा मसनातला गोटा.”

आम्ही तिघं गेलो. साहेब पुढं, मी मागं, मल्लाभाऊ सर्वांत मागं. दगडांच्या रांगेपाशी पोचलो तर जुरीबाई आणि गायता आधीच येऊन उभे होते. जीपचा आवाज गावात पोचला होता. साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. ते सरळ त्या तुटक्या दगडापाशी गेले, हात लावला नाही, पण गुडघ्यांवर बसून बुडाशी पाहायला लागले. गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं.

मी पुढं वाकलो. दगडाच्या बुडाशी चारी बाजूंनी गुलाबी नाइसचे गोटे ठासून बसवले होते. दगड हलू नये म्हणून. मी आधी आलो तेव्हा झुडपात ते मला दिसले नव्हते, आणि साहेबांनाही कधी दिसले नसणार. जागेवरच्या खडकाला पाचर कोण कशाला मारील?

साहेब उठले. पुडक्यातला तुकडा त्यांनी दगडाच्या तुटक्या कोपऱ्याजवळ नेला, न टेकवता, नुसता समोर धरला. कडेला कड. एकेक खाच जुळत होती. त्यांनी डोक्यावरची हॅट काढली. मला वाटतं घाम पुसायला काढली असेल, पण ती परत घातली नाही.

“मांढरे,” ते अगदी हळू म्हणाले, “ज्यांचा हा दगड, त्यांच्या बाई कोण?”

मी सांगितलं. ते जुरीबाईपुढं गेले आणि तुकडा दोन्ही हातांवर ठेवून पुढं केला. “मल्ला, यांना सांग, मी हसत हसत गेलो होतो, ते फार वाईट झालं. मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला हवं होतं.”

जुरीबाईनं तुकडा घेतला. पदरानं पुसला. मग दगडाच्या बुडाशी नेऊन ठेवला, त्या गुलाबी गोट्यांच्या मधे. आणि मग ती रडली. आवाज न करता, बराच वेळ. साहेबांनी मान वळवली. मीही वळवली.

मग गायता बोलला. मल्लाभाऊ ऐकत होता आणि त्याच्या मिशीत हसू दिसायला लागलं.

“काय म्हणतो?” साहेब.

“दंड सांगून राह्यला सायब. बाईची जाऊ मेली मागं. तिचा दगड आनायचा हाये टेकडीवरून. मानसं कमी पडून राह्यली. ज्यानं दगड तोडला त्यानं दगड वढायचा म्हन्ते. तुमीबी, हे लहान सायबबी.”

मी डोळे मिटून घेतले. किन्हेकर साहेबांना कुणी दोर ओढायला सांगितलं, असं मी ना ऐकलं होतं ना पाहिलं होतं.

साहेब म्हणाले, “हातोडा न्यायचा का?”

“नाई.”

“बरं. उद्या सकाळी किती वाजता?”

दुसऱ्या दिवशी ज्या टेकडीवर मला पाऊल टाकू देत नव्हते तिच्यावर आम्ही जुरीबाई आणि गावच्या माणसांबरोबर चढलो. माहुलीच्या वेलाच्या सालीचे जाड दोर, ऐनाचे लांब दांडे, आणि प्यायला मडक्यात जावा, म्हणजे तांदळाची पातळ आंबूस पेज. साहेब पक्के चहाचे माणूस. पण पहिल्या चढावरच पानाच्या द्रोणातून गटागटा जावा प्यायले आणि “अजून आहे का?” म्हणाले.

दगड पिढ्यानपिढ्या एकाच जागेवरून काढत. टेकडीच्या कुशीत एक आडोसा होता. तिथं खडकाला उभ्या चिरा पडलेल्या, त्यामुळं लांबट शिळा सुट्या करता येत. दांडे चिरेत घातले. लालसू गायता आधी दगडाशी काही बोलला, मग सगळ्यांनी जोर लावला. शिळा करकरली, हलली आणि बाजूला कलली. मागं ताजा, न झिजलेला खडक उघडा पडला.

साहेब माझ्या शेजारीच दांड्यावर होते. त्यांनी आधी पाहिलं. “मांढरे! अरे मांढरे! पाय नको ठेवू तिथं!” असे ओरडले की माणसांना वाटलं साप निघाला.

तिथं कॉन्टॅक्ट होता. आमच्या धंद्यातल्या माणसाला असा कॉन्टॅक्ट आयुष्यात एखाददुसऱ्या वेळीच पाहायला मिळतो. एका बाजूला गुलाबी नाइस, दुसऱ्या बाजूला काळा गॅब्रो, मधली रेघ उभी. काळ्याच्या जिभा नाइसच्या पट्ट्यांना आडव्या कापत आत घुसलेल्या. काळ्याच्या आत नाइसचा एक तुकडा अडकलेला, कडा भाजलेल्या. आणि रेघेजवळ येता येता काळ्या खडकाचे दाणे बारीक, आणखी बारीक, शेवटी डोळ्यांना दिसेनासे. खालून आलेला रस, थंड खडकाला भिडून थिजलेला. वरून पसरलेला नाहीच. काही म्हणता काही शंका उरली नाही.

मी साहेबांकडं पाहिलं. माझं खरं ठरलं म्हणून आनंद व्हायला हवा होता, पण मला भीती वाटत होती. साहेब मात्र हसत होते. लहान मुलासारखं, तोंडभर. “सुंदर आहे रे,” म्हणाले. “फार सुंदर आहे. वीस वर्षांत असं पाहिलं नाही.”

“पण सर, सँपल?” मी म्हणालो. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला तुकडा नसेल तर ऑफिसात कोण ऐकणार? आणि हातोडा खाली कॅम्पवर.

मल्लाभाऊनं विचारलं. गायत्यानं दांड्यांच्या रेट्यानं गळून पडलेल्या कपच्यांकडं बोट दाखवलं. जे आपोआप पडलं ते घ्या, बाकीच्याला हात नाही. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून कपच्या वेचत होतो. काठाचा बारीक दाण्याचा, आतला मोठ्या दाण्याचा, भाजलेल्या नाइसचा. जुरीबाई वरून पाहत होती. तिनंही वाकून एक कपची उचलली आणि साहेबांच्या हातावर ठेवली. काळा आणि गुलाबी दोन्ही एकाच कपचीत, मधे रेघ. आमच्या हाती लागलेलं सर्वांत चांगलं सँपल ते.

मग दंड. शिळा दोरांनी दांड्यांना बांधली आणि कधी खांद्यांवर घेत, कधी ओढत नेली. बाप रे बाप! माझा खांदा आठवडाभर सुजला होता. वाटेत शिळा अडली की गायता तिच्याशी बोलायचा, समजूत घालायचा. गावाजवळ आल्यावर एकदा ती पुन्हा अडली, तेव्हा दमलेले साहेबच पुटपुटले, “चला बाई आता, घरी चला.” माडियात नव्हतं, पण सगळे हसले आणि शिळा हलली. जुरीबाईच्या नवऱ्याच्या दगडाशेजारी ती उभी केली आणि बुडाशी गोटे ठासले. त्यातले काही साहेबांनी ठासले.

नागपूरला त्या कपच्यांचे पातळ काप केले. काठाच्या कापात फेल्डस्पार नावाच्या खनिजाच्या पांढऱ्या काड्या इतक्या बारीक आणि अशा अस्ताव्यस्त पडलेल्या की रस वाहायला वेळच मिळाला नाही, जागच्या जागी थिजला, हे कुणालाही पटावं. नाइसच्या कापात स्फटिक नव्यानं वाढलेले, भाजल्याची खूण. साहेबांनी रिपोर्ट माझ्या नावानं लिहायला लावला आणि स्वतः एक टिपण जोडलं: गावाजवळची पूर्वीची लोकॅलिटी रद्द समजावी, तिथला खडक जागेवरचा नाही, चूक माझी. ऑफिसात दोन-चार जण गालात हसले. साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझं प्रोबेशन त्याच महिन्यात संपलं. आई पुन्हा साखर वाटायला निघाली, तिला कसंबसं थांबवलं.

रिपोर्टच्या शेवटी आभार लिहायची पद्धत होती. कलेक्टर, डीएफओ, तहसीलदार अशी नावं असत. साहेबांनी त्यात आपल्या हातानं जुरीबाईचं नाव घातलं. टायपिस्ट कागद घेऊन आला. “सर, डेझिग्नेशन काय टाइप करू?”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“लिही,” ते म्हणाले, “खडकाच्या मालकीण.”

त्यानं तसंच टाइप केलं. पुढं नोकरीत मी पुष्कळ टेकड्या पाहिल्या आणि पुष्कळ रिपोर्ट लिहिले. नवीन मुलं हाताखाली आली की मी त्यांना खडकांचं नंतर शिकवायचो. आधी सांगायचो की दगड दिसला तर हातोडा उचलायच्या अगोदर आसपास कोणी माणूस दिसतो का बघा, आणि हा कोणाचा आहे म्हणून विचारा. बहुतेक वेळा कोणाचाच नसतो. विचारायला काही लागत नाही.